दुपारचा तोल

मी काडेपेटीएवढा सेन्सर बोलतोय, आणि आज गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही.

तुमच्या फोनमध्ये असतो, त्याच जातीचा मी. स्वस्त. पट्ट्यात अडकवून कमरेला बांधलं की माणूस उभ्या उभ्या किती डुलतो, ते मी सांगतो. नजरेला न दिसणारं डुलणंही मला कळतं.

माझी नेमणूक मल्टिपल स्क्लेरोसिसच्या दवाखान्यात झाली. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, तोल जातो, दमल्यावर आणि उन्हात तर जास्तच, आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. तिथे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. त्यांचे तोलाचे व्यायाम चालू ठेवायचे की बंद करायचे, हे माझ्या मोजणीवर ठरणार होतं.

मोजणी नेहमी सकाळी. त्याआधी खुर्ची, पंखा, गार पाणी. दमला असाल तर बसा, घाई नाही, असं व्यायाम करून घेणारी थेरपिस्ट मायेने सांगायची. बाई चांगल्या ताज्यातवान्या झाल्या की मग त्यांना उभं करायचं! त्या खांबासारख्या उभ्या राहायच्या. मी तरी वेगळं काय सांगणार?

कोपऱ्यातून बाईंचा नवरा म्हणायचा, "इथे बरी उभी राहतेस गं. घरी ओट्यापाशीच कशी डुलतेस?" हसत म्हणायचा, पण बाईंना लागायचं.

एकदा बाई शाळा सुटल्यावर उन्हातून थेट आल्या. "आत्ता बांधा," म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा खरा तोल मोजला. पडद्यावरची रेघ नुसती उसळत होती.

थेरपिस्टने रेघ पाहिली आणि मला दोन टिचक्या मारल्या. "बिघडला वाटतं. स्वस्तातला माल, दुसरं काय! ही मोजणी धरायला नको."

"अहो, तो नाही बिघडला. मी बिघडलेय."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

माझ्या आयुष्यातली एकमेव खरी मोजणी पुसली गेली. अहवालात तोल उत्तम ठरला, व्यायाम बंद झाले. मला 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवून खणात टाकलं.

काल नवरा आला होता. बाई शाळेचा जिना उतरताना पडल्या, मनगट मोडलं. या वेळी तो हसत नव्हता. व्यायाम पुन्हा सुरू करा, म्हणून हात जोडत होता.

"करू ना," थेरपिस्ट म्हणाली. "नवा सेन्सर आलाय, परत मोजू. फक्त सकाळी आणा हं त्यांना. तेव्हा त्या ताज्या असतात."

अहो, दुपारी! दुपारी बांधा, उन्हातून आल्या आल्या. खणाबाहेर माझा आवाज जात नाही. तुम्हाला ऐकू आला असेल, तर तुम्ही तरी सांगा त्यांना.