फोटो काढायला गेलेली बकरी

"आजोबा, दहा मिनिटांत कुलूप लावायचंय मला. काय ते ठरवा," वाचनालयातल्या बाई म्हणाल्या.

आजोबांच्या एका हातात चांगल्या सवयींचं पुस्तक होतं, अक्षरं अंगठ्याएवढी. दुसऱ्या हातात फोटो काढायला निघालेल्या बकरीची गोष्ट, आणि मजकूर मुंग्यांच्या रांगेसारखा.

"पोरं कशाला हसतात हो?"

"बकरीला. दोनदा फाटून शिवलंय ते पुस्तक."

"आणि हे?"

"ते बघा की, कसं कोरं करकरीत आहे."

तीस वर्षं आजोबांनी लिफ्ट चालवली होती. मजल्यामजल्यावरच्या पाट्या बघत अक्षरं शिकले, तेव्हा वयाची बावन्न वर्षं उलटून गेली होती. अजूनही नव्या ओळीवर ठेच लागायची. मुलासमोर ती लागू नये म्हणून नवं पुस्तक ते दुपारी मागच्या गॅलरीत चार-पाचदा मोठ्यानं वाचून तोंडपाठ करायचे. नात तेव्हा झोपलेली असायची. मग संध्याकाळी तिला कसं धडाधडा वाचून दाखवायचे.

तरी लागोपाठ तीन पुस्तकांना नातीनं दुसऱ्याच पानावर भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"अण्णा, तिला कंटाळा येतो," काल मुलगा म्हणाला होता. "उद्याचा दिवस बघू. नाहीतर सोमवारपासून शेजारच्या ताईंच्या वाचनवर्गाला घालतो. त्याच वेळेला असतो तो."

संध्याकाळचा तो अर्धा तास गेला, तर दिवसात आजोबांचं म्हणावं असं काही उरत नव्हतं. आणि आज नेमकी दुपार दवाखान्याच्या रांगेत गेली होती. तयारी शून्य. त्यांनी बकरी काखेत मारली.

घरी नात पलंगावर भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. बाहेर मुलगा चपला काढत होता. आजोबांनी घसा खाकरला.

"बकरीनं... शिंगांना... तेल लावलं. आणि ती... फोटो... फोटोवाल्याच्या दुकानात..."

नात वळली.

"गेली?"

"शिरली. फोटोवाला म्हणाला, हसा. बकरीनं... त्याची टोपी..."

"टोपी काय?"

"थांब, बघू दे. टोपी... खाल्ली."

नात खदखदून हसली आणि सरकत त्यांच्या मांडीला येऊन टेकली. "मग?"

"मला काय माहीत? मीही पहिल्यांदाच वाचतोय."

"खरंच?" ती उठूनच बसली. "रोज तर तुम्हाला सगळं माहीत असतं. दुपारी गॅलरीत वाचता ना, मी पडल्या पडल्या ऐकते. आणि संध्याकाळी परत तेच."

रोज दुपारी आजोबांनी स्वतःच्या हातानं गोष्ट शिळी करून ठेवली होती.

"जेवायला चला," मुलगा दारात येऊन म्हणाला.

"थांबा ना पप्पा. आजोबांनापण पुढचं माहीत नाहीये."

मुलगा गेला नाही. चौकटीला टेकून उभा राहिला. आजोबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुस्तक मिटावं, चष्म्याचं निमित्त सांगावं, असं मनात येऊन गेलं. नात पानात डोकं खुपसून वाट बघत होती.

"फोटोवाला... ओर... ओरड..."

ते त्याच शब्दावर तिसऱ्यांदा अडले. मग आवाज जराही न उतरवता त्यांनी ती ओळ पहिल्यापासून घेतली.