ऐन नाताळात आम्बोचे डोळे आले

ऐन नाताळात आम्बोचे डोळे आले. आणि तेही कधी, तर त्याच्या आईचे डोळे नुकतेच परत आले होते तेव्हा.

म्हणजे झालं असं, की बालायान गावी बहिणीच्या घरी राहणाऱ्या त्याच्या आईला, इनांगला, मोतीबिंदूनं गेली काही वर्षं जवळजवळ आंधळं करून ठेवलं होतं. माणूस ती आवाजावरून ओळखायची. मागच्या ईस्टरला तर तिनं आम्बोला जावई समजून बाजूला घेतलं होतं आणि 'आमचा आम्बो फार चिकट हो' म्हणून त्याचीच गाऱ्हाणी त्याला ऐकवली होती. यंदा डिसेंबर लागल्या लागल्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि म्हातारीला जग दिसायला लागलं. आम्बो काही तेव्हा गेला नाही. लिपा शहरात त्याचं केस कापायचं दुकान, आणि डिसेंबरात अख्ख्या गावाला एकदम आठवण होते की आपल्याला डोकं आहे. "नाताळला येतो, इनांग, नक्की येतो," असं त्यानं एका हातात कात्री धरूनच फोनवर सांगून टाकलं होतं.

आणि नाताळच्या आदल्या सकाळी त्याच्या पापण्या उघडेनात. तो दुकानातच झोपायचा; चाचपडत नळाशी गेला, वाटेत खुर्चीच्या लोखंडी पायावर अंगठा आपटून घेतला, तोंडावर पाणी मारलं आणि डोळे किलकिले केले. न्हाव्याच्या दुकानात आरशांना काय तोटा! जिकडे बघावं तिकडे लालभडक डोळ्यांचा, सुजलेल्या तोंडाचा एक टकल्या त्याच्याकडे बघत होता. 'वा रे वा, आंब्रोसियो माग्सिनो,' तो स्वतःलाच म्हणाला, 'वर्षभर धडधाकट राहिलास आणि मुहूर्त बरोबर साधलास.'

कुणाकडून आले तेही त्याला ठाऊक होतं. आठवड्याच्या सुरुवातीला एक बाबा गॉगल लावून आला होता. खुर्चीत रेलून गॉगल काढला तर पापण्या भज्यांसारख्या फुगलेल्या. दाढी होईपर्यंत तो घोरत पडला, उठला, गॉगल चढवून चालता झाला. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, की डोळे आलेल्याच्या डोळ्याला डोळा दिला की आपलेही येतात. म्हणून तर तो गॉगल! आम्बोनं कपाळावर हात मारला. कशाला बघायला गेलो मी त्याच्याकडे?

शेजारची आलिंग सेपा, म्हणजे सेपामावशी, दारातूनच मागे सरकली आणि पदराआड तोंड लपवावं तसं झाडूआड तोंड लपवून म्हणाली, "आईच्या दुधाचे दोन थेंब घाल. दुसरं औषध नाही."

"माझी आई ऐंशीची आहे, आलिंग."

"मेल्या, तुझ्या नाही! कुठल्याही आईच्या!"

नाताळच्या आदल्या दिवशी पन्नाशीच्या ब्रह्मचाऱ्यानं वाटी घेऊन कुठल्या बाळंतिणीच्या दारात उभं राहावं, हे काही तिनं सांगितलं नाही. आम्बोनं थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि बहिणीला फोन लावला. जायचं नाही, हे तेव्हा त्याचं अगदी पक्कं ठरलेलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईसमोर डोळे आलेल्या माणसानं जायचं नसतं, एवढी अक्कल त्याला होती.

"कोरिंग, मी काय म्हणतो, यंदा मला जरा बरं नाहीये..."

"पोट का रे, कुया? का पाठ?" कुया म्हणजे दादा, पण तो म्हणताना कोरिंगच्या आवाजात लिंबू पिळलेलं होतं. "गेल्या वर्षी पोट होतं. त्याच्या आधी पाठ. ज्यांना धर्मपुत्र असतात त्यांनाच कसे नाताळात रोग होतात, हे एकदा डॉक्टरांना विचारायला हवं."

आता तिचंही काही खोटं नव्हतं. आईच्या वाडीतल्या सात पोरांचा तो निनोंग, म्हणजे धर्मपिता. नाताळच्या दुपारी ही सातही पोरं भेटवस्तूंसाठी रांग लावून उभी राहतात, आणि आमच्याकडचे निनोंग त्या दिवशी जमिनीत गडप होतात, हा दरवर्षीचा तमाशा. आम्बो त्यात मुरलेला. खोट्या पोटदुख्या त्यानं इतक्या सफाईनं केल्या होत्या, की आता खरा रोग घेऊन उभा राहिला तर काळं कुत्रंही विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"अगं, खरंच..."

"खरंच काय? इकडे डॉक्टरांनी मला दम देऊन ठेवलाय. डोळ्याला हात लावायचा नाही, धूर नको, धूळ नको, जरा काही आत गेलं आणि पू झाला तर हा डोळा कायमचा गेला. दुसऱ्या डोळ्यानं तर तिला काहीच दिसत नाही. मी रात्रंदिवस तिच्या हातावर नजर ठेवून आहे, आणि तुला येऊन नुसतं जेवायचं तेवढं जमत नाही? थांब, इनांगशीच बोल."

"आम्बो," म्हातारीचा आवाज आला. "कोंबडा बघितला. जावयाचं पोट बघितलं, केवढं सुटलंय रे ते! शेजारीण कशी म्हातारी झाली तेही बघितलं, बरं वाटलं. आता तू तेवढा राहिलायस."

झालं. पक्कं ठरलेलं तिथेच विरघळलं. "येतो, इनांग," असं तो म्हणून बसला, आणि फोन ठेवल्यावर दुकानातल्या सगळ्या आरशांमध्ये एकाच वेळी गाढव दिसलं.

दिवसभर त्यानं स्वतःशी वाद घातला. जावं, तर तिचा एकुलता एक डोळा. न जावं, तर ती म्हणणार, मला दिसायला लागलं आणि पोरगा तोंड लपवून बसला. खरं म्हणजे मनात आणखीही एक किडा होता. तिनं त्याला शेवटचं नीट पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. लोकांची डोकी सजवणाऱ्याचं स्वतःचं डोकं असं उजाड झालेलं तिला दिसणार, याची त्याला चक्क लाज वाटत होती. पन्नाशीचा घोडा आणि आईला चांगलं दिसावं म्हणून झुरतोय! ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली असती, तर ती गिऱ्हाइकांना वर्षभर हसायला पुरली असती.

शेवटी त्याच्या त्या उजाड डोक्यातून अक्कल निघाली ती अशी: रोग नजरेतून लागतो, तर नजरच झाकून टाकू. त्यानं पेटीतला जुना काळा गॉगल काढला, पुसला, चढवला. आरशात बघितलं तर समोर चोर दिसत होता, पण निरोगी चोर. जायचं, लांब बसायचं, गॉगल काढायचा नाही, जेवायचं, निघायचं. केवढी हुशारी!

नाताळच्या सकाळी जीपनीत बसल्यावर त्या हुशारीचा अनुभव आला. काळ्या गॉगलचा अर्थ कुणाला कळत नाही असं थोडंच आहे? बाकावरची एक बाई सरकत सरकत नवऱ्याच्या मांडीवर जाऊन बसली. सगळे उतारू त्याच्याकडे पाठ करून मान वाकडी होईपर्यंत बाहेरची उसाची शेतं बघत होते. भाड्याचे पैसे मात्र त्याच्याच हातून पुढे पुढे सरकत ड्रायव्हरपर्यंत गेले. गॉगलखालून सारखं पाणी गळत होतं, ते तो अंगठ्यानं पुसत होता, आणि लोकांच्या अडाणीपणाला मनातल्या मनात हसत होता. अरे, गॉगल लावलाय ना मी, आता कशाला घाबरता?

घरापुढच्या काइमितोच्या झाडाखाली टेबलं मांडलेली होती. भात, नूडल्स, गोड हॅम, भाजलेलं डुक्कर, सगळा थाट होता. कराओके यंत्रापाशी जावई बोयेत माइक हातात घेऊन सज्जच होता. आम्बो फाटकातून आत शिरला तशी पोरं "निनोंग आला! खरंच आला!" करत धावली. गडी तयारीनं आला होता. भेटवस्तूंची पिशवी त्यानं लांबूनच कोरिंगच्या हाती दिली, आणि पोरांकडे बघायचं नाही म्हणून तोंड आभाळाकडे करून उभा राहिला.

"हे काय, सिनेमातला हिरो झालास का?" कोरिंग म्हणाली.

"ऊन लागतं डोळ्यांना."

"सावलीत उभा आहेस तू."

तेवढ्यात इनांग दारात आली. ठेवणीतला झगा, वेणी घातलेली, आणि चेहरा कसा, तर सगळीकडे एकाच वेळी बघायचं असलेल्या पोरीचा. तिनं हात पुढे केला.

आता सांगा, आई हात पुढे करते तेव्हा आपल्याकडचा माणूस विचार करतो का? चालायला लागल्यापासूनची सवय ती. मोठ्यांचा हात दिसला की कमरेत वाकायचं, तो हात धरायचा आणि कपाळाला लावायचा, हा आमचा मानो. झोपेतून उठवलं तरी माणूस मानो करील. लांब बसायचं, नजर द्यायची नाही, असं सगळं वाटभर घोकत आलेला आम्बो पुढे झाला, वाकला, नुकतंच डोळ्यातलं पाणी पुसलेल्या बोटांनी आईचा हात धरला आणि कपाळाला टेकवला. गॉगल मध्ये आला, सरकला. तिची बोटं त्याच्या भुवईवरून ओल्या गालावर घसरली.

"देव तुझं भलं करो," इनांग म्हणाली. तिचा डोळा भरून आला, आणि तो पुसायला तिनं तोच हात वर उचलला.

त्याच क्षणी आम्बोला ते गिऱ्हाईक आठवलं. त्या बाबानं डोळे उघडलेच कुठे होते? गॉगल काढला तेव्हा मिटलेले, घोरत होता तेव्हा मिटलेले, उठल्यावर पुन्हा गॉगल. आम्बोला त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची वेळच आली नव्हती. डोळे आले ते टॉवेलातून. ज्या टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं, त्याच्याच टोकानं आम्बोनं आपला घाम पुसला होता. म्हणजे नजर नव्हे. हात!

"हात लावू नका!" तो इतक्या जोरात ओरडला की झाडाखालचा कोंबडा पळाला आणि बोयेतच्या हातून माइक पडून यंत्र किंचाळलं. आम्बोनं आईचं मनगट पकडलं. तिचा हात डोळ्यापासून वीतभर खाली होता. "डोळे आलेत माझे. हाताला लागलंय तुमच्या. कोरिंग, साबण आण, आधी साबण!"

पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही. कोरिंगनं आईचे हात कोपरापर्यंत साबणानं दोनदा धुतले, वर स्पिरिट चोळलं, पोरांना मोरीवर हाकललं, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा एका क्षणासाठी थांबवला नाही. "बेअक्कल! एवढा मोठा झालास, डोक्यावरचे केस गेले त्यांच्याबरोबर मेंदूही गेला का? फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होतो..."

"म्हणजे या वेळी तो खरंच आजारी होता?" बोयेतनं विचारलं, आणि पाहुण्यांमध्ये कुणीतरी फसकन हसलं.

आम्बोला अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाजवळच्या बाकावर हाकलण्यात आलं. एका पोराच्या आजीनं काठीनं ढकलत त्याचं ताट त्याच्यापर्यंत पोचवलं. तो मान खाली घालून बसला. आईचा डोळाच घालवून बसलो असतो आपण. पोटदुखीचं ढोंग करून घरी पडून राहिलो असतो तर निदान आयुष्यात एकदा तरी खोटं कामी आलं असतं, असं त्याला वाटलं.

मग ओट्यावर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. इनांग खुर्ची घेऊन अगदी कठड्याशी येऊन बसली होती. मध्ये सगळं अंगण, टेबलं, माणसं.

"आम्बो, काढ तो चष्मा."

"नका बघू!" चार बायका एकदम ओरडल्या. "बघितल्यानं लागतं!"

"बघितल्यानं नाही लागत," आम्बो खाली मान घालून म्हणाला. "हातानं लागतं. पण राहू द्या, इनांग. बघण्यासारखं काही राहिलेलं नाही."

"ते मी ठरवीन. काढ."

त्यानं गॉगल काढला. उन्हानं डोळे चुरचुरले, पाणी वाहायला लागलं, पण त्यानं तोंड फिरवलं नाही. लाल डोळे, सुजलेलं तोंड, वर ते चकाकणारं डोकं. इनांग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, आपण चुकून डोळ्याला हात लावू नये म्हणून. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिनं तसंच ओघळू दिलं.

"बारीक झालास," ती म्हणाली. "जेव."

तो जेवायला लागला. नाक वाहत होतं, नूडल्स हनुवटीवर लोंबत होत्या, आणि सगळं गाव बघत होतं. लाजेनं अर्धमेला होऊन त्यानं डाव्या हातानं हळूच गॉगल उचलला.

"खाली ठेव तो," ओट्यावरून इनांग ओरडली. "अजून माझं बघून झालं नाही."