बंबातली मूठभर राख

मी तांब्याचा बंब बोलतोय. गिझरच्या काळात जन्मलेल्यांनी दचकू नये. पूर्वी घरोघरी न्हाणीत एक ढेरपोट्या गडी उभा असायचा. पोटात पाणी, पाण्याच्या मधोमध उभी नळी, नळीत निखारे आणि खाली जाळीतून पडणारी राख. तोटी फिरवली की कढत पाणी. तोच मी. माझ्या खोडी दोनच. पाणी न भरता पेटवलं तर माझे सांधे निखळतात, आणि कामाला लागलो की मी काळा पडतो. पहिली खोड सगळ्यांनी सांभाळून घेतली. दुसरीपायी मात्र काय काय घडलं, तेच सांगायला बसलोय.

तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं आणि लक्ष्मीबाईंच्या रुखवतात मी पाचोडला आलो. पहाटे लक्ष्मीबाई मला पेटवायच्या, स्वतः न्हायच्या आणि ओल्या केसांनीच देवघरात जायच्या. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, त्यांच्या व्रतांना तोटा नव्हता, म्हणून मलाही सुट्टी नव्हती. त्यांचे यजमान पुंजाराम पहिल्या तांब्याला मोठ्यानं ‘हर हर गंगे’ म्हणायचे. दुसऱ्या तांब्याला ऊब लागली की गंगाही विसरायचे. माणसाची भक्ती किती अंशांवर वितळते, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

दर बुधवारी लक्ष्मीबाई माझी राख काढून देवाची भांडी घासायच्या. ‘जाळाची राख, तिच्यासारखं सोवळं काही नाही,’ म्हणायच्या. ऐकून मी आणखी फुगायचो.

मग दुष्काळ पडला. विहिरीनं तळ दाखवला, दाराशी टँकर येऊ लागला. पोरगा शहरात कंपनीत लागला होता, त्याच्यामागं सगळं घर फ्लॅटमध्ये गेलं. सूनबाई मोनिकानं मला बघून डोळे मोठे केले. “आई, धूर कुठं सोडायचा? शेजारच्यांच्या हॉलमध्ये?” तिचंही खोटं नव्हतं. मी बाल्कनीत गेलो आणि माझ्या डोक्यावर तुळशीची कुंडी आली.

पुंजाराम म्हणाले, “मोडीत घालू. तांब्याला भाव हाय.”

लक्ष्मीबाई ताडकन उठल्या. “आपल्या घरच्या बाळंतिणींचं पाणी तापवलंय त्यानं. मोडीत घालता? त्यापेक्षा कुणाच्या अंगावर पाणी पडंल असं बघा.”

त्यांनीच चौकशी केली आणि क्रांती चौकाच्या अलीकडं, एका गल्लीतल्या बेघर निवाऱ्यात मला नेऊन दिलं. एक संस्था तो निवारा चालवायची. माझ्या गळ्यात हार पडला, शेजारी उभं राहून चार जणांनी फोटो काढले. मला वाटलं, उद्यापासून कामाला.

निवाऱ्याचे व्यवस्थापक बद्रीनाथ. माणूस वाईट नाही, पण तपासणीच्या नावानं त्याला हिवताप भरायचा. त्यानं मला न्हाणीत नेलंच नाही. दर्शनी पडवीत, फुलदाणीशेजारी मांडलं. चिंच-मीठ लावून असं घासलं, की मला स्वतःचीच लाज वाटावी. आणि न्हाणीला? न्हाणीला कुलूप. नव्या पांढऱ्या फरशा होत्या ना, वापरल्या तर मळतील!

साहेब यायचे ते नेमके माझ्यासमोर थांबायचे. अंगठीच्या बोटानं माझ्या पोटावर टिचकी मारायचे. टण्ण! “वा, गरम पाण्याची सोय आहे.” कागदावर खूण व्हायची, चहा यायचा, साहेब जायचे. अहो साहेब, भरलेला बंब कधी टण्ण वाजतो का? पण चहा घेणाऱ्याला रिकाम्या पोटाचा आवाज ओळखू येत नसावा.

त्याच निवाऱ्यात म्हाळसाबाई राहायची. मेंढरांमागं हिंडण्यात जन्म गेलेली म्हातारी. दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकली, शेवटी शहरात येऊन बांधकामावर विटा वाहू लागली. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. रोज नवी इमारत उठायची आणि ती उठवणारी म्हाळसाबाई संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन टेकायची. उशाला एक गाठोडं. ते कधी सोडायची नाही.

एकदा बद्रीनाथ मला घासत असताना ती म्हणाली, “म्यानेजर, ह्या बंबाला रोज न्हाऊ घालतोस. एक डाव मला बी घाल की.”

“आजी, पाण्याची बोंब हाय. टँकर पुरत नाय.”

“मंग काल पडवी धुतली ती कशानं? घाम गाळून?”

बद्रीनाथ हसला. “तपासणी व्हती ना.”

“व्हय रे बाबा. पडवीला साहेब हायेत. मला कोण हाय?”

ती हे हसत म्हणाली, म्हणून त्यानंही हसण्यावारी नेलं. मला मात्र तिचं हसू पोटात उतरलेलं कळलं. माझ्या पोटात दुसरं काही नव्हतंच.

मार्गशीर्ष लागला. थंडी अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा गोल गोल झाली. एका बुधवारी संध्याकाळी लक्ष्मीबाई आल्या. हातात केळ्यांची पिशवी. उद्या त्यांचा गुरुवार, म्हणून निवाऱ्यातल्या बायकांना फळं वाटायला. मला पाहून खुलल्या, जवळ आल्या आणि जन्माची सवय, वाकून त्यांनी माझ्या जाळीखाली हात घातला. देवाच्या भांड्यांना राख हवी होती.

हात स्वच्छ बाहेर आला.

“बद्रीभाऊ, याची राख कुठंय?”

“राख? काकू, राख कशाला? बघा ना, आरशावाणी ठेवलाय.”

“ते दिसतंय. न्हातात कशानं मग ह्या बाया?”

बद्रीनाथनं टँकर सांगितला, लाकूडफाटा सांगितला, फरशा सांगितल्या. लक्ष्मीबाई ऐकत राहिल्या. तेवढ्यात म्हाळसाबाईनं केळ घेतलं आणि न सोलता गाठोड्याशेजारी ठेवलं.

“खा की आजी.”

“खाईन गं माय. पर उद्या चंपाषष्ठी. पयलं देवाला दाखवायचं, मंग आपुन. अन् माझा देव ह्या गाठोड्यात.” तिनं गाठोड्यावर हात ठेवला. “खंडोबाचा टाक. सासूनं दिलेला. इथं आले तवापासून भाईर काढला नाय. पारोशानं हात कसा लावू? कामावर गड्यांत उघड्यावर न्हाता येत नाय, अन् इथं कुलूप. मागली चंपाषष्ठी बी अशीच गेली. आता किती ऱ्हायल्या असतील माझ्या?”

बद्रीनाथ हातातल्या फडक्याची घडी घालू लागला, मग मोडू लागला. सोयींच्या कागदावर पारोशा देवाचा रकाना नव्हता.

लक्ष्मीबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बद्रीभाऊ, माझा एक नेम ऐका. दर बुधवारी मी इथं येणार. याच बंबाची मूठभर राख नेणार, त्यानंच माझ्या देवाची भांडी घासणार. राख नसली तर भांडी तशीच राहतील. मग लक्ष्मी माझ्यावर रुसली, तर मी तुमचं नाव सांगणार.”

“काकू! माझं नाव कशाला?”

“खोटं कसं सांगू? व्रत आहे माझं.”

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. साहेबांना तो चहावर परतवू शकत होता. लक्ष्मी काय चहा घेते होय?

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीचं कुलूप निघालं आणि पडवीतूनच मला तिच्या दाराशी सरकवलं. लाकडं म्हाळसाबाईनंच रात्री बांधकामावरून आणली होती, फळ्यांचे तुकडे. पेटवायच्या आधी ती बद्रीनाथवर ओरडली, “पयलं पाणी भर रं, फोडतोस का त्याला?” इतक्या दिवसांनी पोटात पाणी पडलं. नळीत जाळ धरला. धुरानं बद्रीनाथचे डोळे वाहत होते. निदान त्यानं तरी कारण धूरच सांगितलं.

म्हाळसाबाई न्हाली. दाराआडून पहिल्या तांब्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा सुस्कारा, थंडीनं आखडलेली पाठ सैल झाल्याचा. मग धुतलेलं लुगडं नेसून ती पडवीत आली आणि तिनं गाठोडं सोडलं. बोटभर चांदीचा घोडेस्वार. त्याला माझ्याच कोमट पाण्यानं अंघोळ, मग हळद. भरीत-भाकर लक्ष्मीबाईंनी डब्यातून आणलं होतं. “येळकोट येळकोट!” म्हातारी कडाडली. “जय मल्हार!” सगळ्यांत मोठा आवाज बद्रीनाथचा. ते केळ तिनं देवाला दाखवलं, अर्धं मोडून बद्रीनाथच्या हातावर ठेवलं.

पुढच्या तपासणीला साहेबांनी सवयीनं अंगठीचं बोट टेकवलं आणि “आई गं!” करत मागं घेतलं.

“साहेब, चालू हाय,” बद्रीनाथ नम्रपणे म्हणाला.

“अरे, पण काळा पडलाय की!”

“व्हय साहेब. रोज पडतो.”

आता शहराचं नाव बदललंय, मी मात्र बंबच आहे. एक कान तुटलाय, तोटी ठिबकते. म्हाळसाबाई थकली, विटा सुटल्या, पण जाळ घालायचं काम तिनं कुणाला दिलेलं नाही. मध्ये एका बुधवारी लक्ष्मीबाई आल्या नाहीत, गुडघा धरला होता. संध्याकाळपर्यंत बद्रीनाथ चार वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आला. शेवटी त्यानं राख कागदात बांधली आणि स्वतः त्यांच्या फ्लॅटवर पोचवली.

तुम्हीही कधी एखादा निवारा बघायला जाल, तेव्हा फुलदाणी बघा, फरशा बघा, माझी ना नाही. पण बाबांनो, माझ्यासारखा कुणी चकाकताना दिसला तर त्याला हार घालू नका. वाका, आणि जाळीखाली हात घाला. हात काळा झाला तर समजा, आत कुणीतरी न्हालंय.