नागिणीचं कूळ

घोड्यांच्या बाबतीत मामा कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. नव्यानं आलेले तरणे घोडे खोकू लागले, त्यांची नाकं गळू लागली, तेव्हा डॉक्टर कानीकपाळी ओरडले, की गाभण घोडीला आधी वेगळी बांधा. मामांचं उत्तर ठरलेलं. "एकटी पाडली की झुरेल ती. खोकला काय, येतो आणि जातो."

घोडी त्यांची लाडकी, सगळे तिला बाईसाहेब म्हणत. वय झालेलं, आधीची दोन शिंगरं पोटातच गेलेली. हे शेवटचं, आणि मामांचा सगळा जीव त्यात अडकलेला. तरी हट्ट म्हणजे हट्ट. आता अशा माणसापुढे डोकं फोडून घ्यायचं का?

खोकणाऱ्या घोड्यांच्या नाकात फिरवलेले कापसाचे बोळे तपासायला गेले ते भाचीच्याच प्रयोगशाळेत. तिथे ती विषाणूंची कुळं लावायची, म्हणजे त्यांची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, हे ठरवायची. पहिली चाचणी होताच तिनं फोन केला. मामांना कळावं म्हणून सोपं करून सांगायला गेली, "माणसाला नागीण होते ना, त्याच कुळातला विषाणू आहे. त्यात एक नंबर आहे की चार नंबर, ते अजून वाचायचंय. चार नंबर बहुतेक नुसता खोकवतो. एक नंबरानं घोड्या गाभडतात, पोटातलं शिंगरू जातं."

मामांनी 'नागीण' तेवढं ऐकलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं. नागीण अंगाला वेढा घालते आणि तिचं तोंड शेपटीला टेकलं की खेळ खलास, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. बॅटरी घेऊन ते भरदिवसा घोडीच्या पोटाखाली शिरले आणि केस सारून सारून पुरळ शोधू लागले. बाईसाहेबांनी शेपटीची एक सणसणीत ठेवून दिली.

"काय शोधताय?" मामींनी विचारलं.

"नागिणीचं तोंड."

"आणि सापडलं तर? घास भरवणार?"

पुरळ काही सापडलं नाही, पण भीतीही गेली नाही. त्या घोड्यांची नागीण हिच्यावर चढू नये म्हणून मामांनी त्याच दुपारी तिला आवाराच्या पार टोकाला, गवताच्या कोठीत हलवलं. बादली वेगळी, खरारा वेगळा. तिचं सगळं मामींनी करायचं, आजारी घोड्यांचं मामांनी, आणि त्यांनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. कुंपणापाशी उभे राहून ते लांबूनच तिच्याशी बोलायचे. ती पाठ फिरवायची.

पुढचा निकाल घेऊन भाची स्वतःच आली. "एक नंबरच निघाला, मामा. हे घोडे जिथून आले तिथल्या विषाणूशी याची अक्षरं जुळतायत, म्हणजे तो त्यांच्याबरोबरच आला. डॉक्टरांनी नंतर बाईसाहेबांच्या नाकातलाही बोळा पाठवला होता, त्यात मात्र काही नाही. तुम्ही तिला हलवलंत कधी?"

"तुझा फोन आला तेव्हाच. म्हटलं, वेढा पुरा व्हायच्या आत."

"कसला वेढा?"

मामांनी सांगितलं. भाची हसता हसता गवताच्या पेंढीवर बसली आणि मग डोळे पुसायला लागली. "अहो, नुसतं कूळ एक. हिला ना तोंड ना शेपूट." मामी एवढ्या हसल्या की मामांना कुठे तोंड लपवावं कळेना.

दिवस भरले आणि शिंगरू झालं. धडपडत, दोनदा आपटत एकदाचं चार पायांवर उभं राहिलं आणि आईला लुचू लागलं. मामांनी डोळे भरून पाहिलं आणि भाचीला फोन लावला. आयुष्यात कुणाचे आभार मानायची सवय नाही, तरी एकदम बोलून टाकलं.

"पोरी, तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"माझे कसले? मी तर भलताच शब्द वापरून घोटाळा केला."

"सरळ सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं. डॉक्टरांचं तरी कुठे ऐकलं?" मामांनी पायात वहाणा सरकवल्या. "त्यांचं बरोबर होतं. आता जातो आणि त्यांच्या तोंडावर सांगून येतो."