बिनआवाजाची गाडी

"कधी आलीस?" मिस्त्री दचकून मागे वळला. हातातला पाना पायावर पडता पडता राहिला.

लेक हेल्मेट काढत उभी होती. "मघाशीच. नवी विजेवरची स्कूटर तुमच्या पाठीमागेच लावली की, बाबा!"

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. जन्मभर मोटरसायकली दुरुस्त केलेला हा माणूस कानाने जगत होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की मान वर न करता सांगायचा, "पोस्टमन आला, चेन सैल पडलीय त्याची." बिघडलेल्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मगच कामाला लागायचं, अशी त्याची रीत. अशा माणसाच्या पाठीशी पोटची पोर येऊन उभी राहते आणि त्याला पत्ता लागत नाही म्हणजे काय!

"ही भुताटकी परत करून ये," तो म्हणाला. "मोटरसायकल लांबूनच ओरडते, माणूस बाजूला होतो. हिच्यापुढे येणाऱ्याला कळायचं कसं? आणि सुटते तर अशी, की डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर!"

"चाकं लहान आहेत, खड्ड्यांत जपावं लागतं, मान्य. पण मी हळू चालवते." लेक नर्स होती, अपघाताच्या वॉर्डात काम करायची. ती म्हणाली, "दादाच्या मोटरसायकलला आवाज होताच की, बाबा."

अंगणात पाठमोरी बसून उसवलेली बाही शिवणाऱ्या बायकोचा हात थांबला. मुलगा गेल्यापासून ती रोज दिवस कलला की फाटकाकडे तोंड करून बसे. कुणी हटकलंच, तर "वारा लागतो इथे," म्हणे.

लेक हातपाय धुवायला आत गेली. मिस्त्री स्कूटरपाशी आला. एक लेकरू रस्त्याने नेलं, दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काही खोट सापडली तर पोर ऐकेल. त्याने गाडी स्टँडवरून काढली, किल्ली फिरवली, बटण दाबलं. मग स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला. ना धडधड, ना खरखर. कोरड्या विहिरीत वाकल्यासारखं वाटलं.

चालूच होत नाही! मिस्त्री मनातून खूश झाला. हट्टी इंजिनाला देतात तशी त्याने जोरात रेस दिली.

स्कूटर हातातून सुटली ती थेट अंगणात.

"अगं, सरक!"

बायको हलली नाही. चाक तिच्या पाटाला घासलं, ती कलंडली आणि गाडी फाटकावर जाऊन आदळली. मिस्त्री धावला. बायकोचं कोपर सोलवटलं होतं, बाकी धडधाकट होती.

"ऐकू नाही आलं तुला? मी ओरडलो ना!"

"आलं. मागून काहीतरी येतंय, तेही कळलं."

"मग उठली का नाहीस?"

ती गाडीकडे बघत होती. इतकी शांत ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. "अहो, आवाज न करता येतंय, म्हणजे मला वाटलं तोच आला. त्याला आता कुठला आवाज असणार?"

मिस्त्रीला रडू फुटलं. लेक धावत बाहेर आली.

सकाळी त्याने वाकडा झालेला आरसा सरळ करून किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "गाडी चालू होती. मलाच कळलं नाही. जा, पण वळणावर हॉर्न दे."

"देईन, बाबा."

तिने आठवणीने हॉर्न दिलाही. मोटरसायकल वळणाआड गेली तरी बराच वेळ ऐकू येत राहते, माणूस कुठवर पोचलं ते समजतं. लेक वळली आणि तिची चाहूल तिथेच संपली.

रोजचं एक गिऱ्हाईक फटफटत येऊन मिस्त्रीच्या पुढ्यात थांबलं. हाका मारू लागलं. मिस्त्री त्या रिकाम्या वळणाकडे कान लावून उभा होता.