दरीच्या बाजूस कोणी उभे राहावे

मी एक दवरणे आहे. हा शब्द आजच्या वाचकास परका वाटण्याचा संभव आहे, म्हणून आरंभीच खुलासा करतो. डोंगराच्या वाटेवर जांभ्या दगडाचे चिरे रचून, पुरुषाच्या खांद्याइतका उंच जो ओटा उभारतात, त्याला आमच्याकडे दवरणे म्हणतात. डोक्यावर भारा किंवा पाटी घेऊन चालणाऱ्याने माझ्यापाशी यावे, मान किंचित कलती करून भार माझ्या माथ्यावर सरकवावा, घाम पुसावा, आणि पुन्हा तो डोक्यावर ओढून घेऊन चालू लागावे. कोणाच्या मदतीची गरज नाही. अलीकडे लोक मला बसण्याची जागा समजून माझ्यावर चढतात. मी रागावत नाही. परंतु ती चूक आहे, एवढे सांगून ठेवतो.

मला तोंड नाही. ही उणीव मला पूर्वी कधी जाणवली नव्हती. गेल्या हिवाळ्यातील एका सकाळी ती अशी जाणवली की तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

माझा जन्म गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातला. लाटंबार्से गावच्या कृष्णनाथ नावाच्या बागायतदाराने मला बांधविले. त्याची काजूची बाग वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, आणि घर पायथ्याशी. त्याची पत्नी कमलाक्षी बोंडांची पाटी घेऊन या वाटेने उतरत असे. एके दिवशी तिला वाटेत दम लागला. परंतु पाटी उतरवून घेण्यास कोणी भेटेना, आणि एकटीने उतरविली तर पुन्हा डोक्यावर चढविणार कोण? ती भर उन्हात पाटीसह तशीच उभी राहिली. त्या रात्री घरात ती नवऱ्याशी अवाक्षर बोलली नाही, आणि त्या न बोलण्याचे फळ म्हणजे मी. सावंतवाडीकडचे गवंडी आले, चिरे चढले. गावात थट्टा झाली की कृष्णनाथाने बायकोसाठी भिंत बांधली खरी, पण घराबाहेर बांधली.

माझी जागा घाटीतल्या सर्वांत अरुंद वळणावर आहे. एका बाजूस डोंगराची कड, दुसऱ्या बाजूस घळ आणि तळाशी व्हाळ, म्हणजे ओढा. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने थांबलेच पाहिजे. कोणी थांबायचे, याविषयी त्या काळी वाद होत नसे. ज्याच्या डोक्यावर भार आहे त्याला स्वतःची पावले दिसत नाहीत, म्हणून त्याने डोंगराच्या बाजूने जावे. ज्याला आपली पावले दिसतात त्याने दरीच्या बाजूस उभे राहावे. भार असलेली व्यक्ती जाताना विचारी, "कोणाचो रे तू?" वाट देणारा बापाचे किंवा घराचे नाव सांगे, आणि संध्याकाळपर्यंत ते नाव त्याच्या घरी कौतुकासह पोहोचलेले असे. हा शिष्टाचार कोणी लिहून ठेवला नव्हता. तो चालत्या पायांबरोबर चालत असे.

पुढे रस्ता झाला. घरोघरी गॅस आला, बोंडे जीपमधून जाऊ लागली. पलीकडच्या डोंगरावर खाणी आल्या आणि तांबड्या धुळीने माझे अंग माखले. मग खाणी बंद पडल्या आणि धूळही बसली. माझ्या सांध्यांतून गवत उगवले. दिवसचे दिवस माझ्यापाशी कोणी येईना. निरुपयोगी होणे आणि मरणे यांत दगडाच्या दृष्टीने काही अंतर असते की नाही, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

अशा अवस्थेत सायकलस्वार आले. जाड, खाचांच्या टायरांच्या त्या सायकली दगडधोंड्यांवरून, मुळांवरून चढत येत. प्रथम मला हा उपद्रव वाटला. परंतु एके दिवशी त्यांना शिकविणाऱ्या एक बाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि नियम सांगू लागल्या. चढणाऱ्यास उतरणाऱ्याने वाट द्यावी. मागून पुढे जावयाचे असेल तर आधी हाक द्यावी, आपण कोणत्या बाजूने येत आहोत ते सांगावे, आणि पुढच्याचे उत्तर येईपर्यंत धीर धरावा. वाट मिळाल्यावर आभार मानावेत. अरुंद जागी थांबून मागच्यांचा खोळंबा करू नये. ते ऐकून मी मनोमन सुखावलो. इतक्या वर्षांनी माझ्या वळणावर पुन्हा कोणी वाट देण्याविषयी बोलत होते.

त्या स्वारांत दोघे मित्र होते. रघुनाथ हा लाटंबार्से गावचाच, पांडुरंग नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा. खाणी चालू होत्या तेव्हा तो खनिजाचा ट्रक चालवी. त्या बंद पडल्यावर बागांतून मिळेल ते काम करी. गोकुळदास डिचोलीचा, बँकेत नोकरीस. सरावाला दोघे मिळून येत आणि एकमेकांस सोडीत नसत. गोकुळदास म्हणे, "ट्रक समजून मधोमध चालवतोस काय रे? बाजू दे की." त्यावर रघुनाथ मागे न पाहताच म्हणे, "ट्रकाक आरसो तरी असता. तुका कधी मागचो दिसलो हा?" दोघेही हसत, आणि त्यांच्या हसण्याने माझे वळण काही क्षण भरून जाई.

मग शर्यतीचा दिवस आला. पायथ्याच्या मैदानावर कर्णे लागले होते. गावात आदल्या दिवशी दवंडीसारखे सांगून झाले होते की सकाळी घाटीत कोणी जाऊ नये. परंतु यशोदा नावाची वृद्धा सड्यावरील आपल्या झोपडीतून लाकडांची मोळी घेऊन निघाली. तिने दवंडी ऐकली नव्हती असे नाही. वाट ही चालण्यासाठी असते, असे तिचे मत होते, आणि त्या मतात मला तरी दोष दिसत नाही. माझ्यावर मोळी टेकवून तिने श्वास घेतला, मोळी पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती उतरू लागली.

समोरून रघुनाथ चढत होता. शर्यतीत तो पुढच्या काही जणांत होता. बाईंच्या नियमाप्रमाणे चढणारा तो, म्हणून वाटेचा हक्क त्याचा होता. परंतु रघुनाथ याच गावात वाढलेला. तो सायकलवरून उतरला आणि सायकल अंगाशी धरून दरीच्या बाजूस उभा राहिला.

यशोदा डोंगराच्या बाजूने जाताना म्हणाली, "कोणाचो रे तू?"

"पांडुरंगाचो, आजी. खालच्या वाड्यावयलो."

"बापाशीक सांगतंय तुझ्या," असे म्हणून ती खाली गेली.

थोडे खाली, वाट किंचित रुंद होते तिथे, गोकुळदास तिला वाट देऊन खोळंबला होता. ती जाताच त्याने जोर केला. रघुनाथ पुन्हा सायकलवर बसण्याआधी पुढे निघावे, हा त्याचा विचार स्पष्ट होता. शर्यतीत तो विचार गैर नव्हे. "उजवीकडून येतो रे!" अशी हाक त्याने दिली. उत्तराची वाट मात्र पाहिली नाही. त्याच्या हँडलचे टोक रघुनाथच्या हँडलला घासले. एवढ्याशा स्पर्शाने सायकल रघुनाथवर कलली, त्याने पाऊल मागे घेतले, आणि पावसाने आतून पोखरलेली वाटेची कड त्याच्या टाचेखाली तुटली. करवंदीच्या जाळ्या उघडल्या आणि मिटल्या. गोकुळदासचे डोळे पुढच्या चाकावर होते. "आभारी आहे!" असे ओरडून तो माझ्यासमोरून वर निघून गेला. आपण काय केले हे त्याला ठाऊक नव्हते. याची साक्ष माझ्याखेरीज कोणी देऊ शकणार नाही, म्हणून मी ती येथे देतो.

वाटेवरून काहीही दिसत नव्हते. ना माणूस, ना सायकल. यशोदेने मागे सळसळ ऐकली असेल, पण मोळीखाली मान वळत नाही.

रघुनाथ हाका मारू लागला.

त्या हाका मला ऐकू येत होत्या. खालून कर्ण्यांचे संगीत येत होते, आणि वाटेवरून एकामागून एक स्वार येत होते. प्रत्येक जण हाक देत होता, प्रत्येक जण वाट देत होता, प्रत्येक जण आभार मानीत होता. इतका निर्दोष शिष्टाचार माझ्या वळणाने कधी पाहिला नव्हता. आपण दगड असल्याचा धिक्कार मी त्या सकाळी प्रथम केला. एखादा चिरा निखळून घळीत पडावा, त्याच्या आवाजाने तरी कोणी थबकावे, म्हणून मी आतल्या आत ताणला गेलो. गवंड्यांनी मला फार चांगले बांधले होते. एकही चिरा हलला नाही.

एक स्वार थांबला. त्याने एक पाय माझ्या पायथ्याशी टेकला आणि मान वळवून मागच्यास विचारले, "कोण ओरडलं रे?"

"मोर असेल. पुढे चल, मागे रांग लागली."

त्याने एकदा घळीकडे पाहिले. मागून हाकांवर हाका येत होत्या, आणि अरुंद जागी थांबून खोळंबा करू नये हे त्याला शिकविलेले होते. तो निघाला. त्या सर्वांत ऐकणारा तो एकच होता, आणि नियम पाळूनच तो निघून गेला. यानंतर रघुनाथच्या हाकांतील अंतर वाढत गेले. पुढे फक्त व्हाळाचा आवाज राहिला.

पायथ्याशी, मैदानावर आणि गावात, काय घडले ते मला नंतर माणसांच्या बोलण्यातून कळले. शर्यत संपली तेव्हा रघुनाथ आला नव्हता. शर्यत सोडून तो दुसऱ्या वाटेने घरी गेला असेल, असे सर्वांनी धरले. सायकल बिघडली की असे पुष्कळ जण करतात. गोकुळदासने सांगितले की आपल्याला त्याने घाटीत वाट दिली, मग तो मागेच राहिला असणार. कोणाला काळजी वाटली नाही. इतक्यात यशोदा गावातली कामे आटोपून पांडुरंगाच्या दारात गेली, कारण तिला मुलाचे कौतुक सांगावयाचे होते. "मी कोणाचो म्हणून विचारलंय, तेणा तुझा नाव सांगल्यान. सायकल सोडून उभो रवलो माझ्यासाठी," असे ती म्हणाली. पांडुरंगाने विचारले, "खंय?" आणि तिने जागा सांगितली. मुलगा घरी आलेला नाही हे त्याला माहीत होते. तो गोठ्याजवळची शिडी उचलून निघाला. शिडी कशासाठी घेतली, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावे.

दुपार कलली होती. यशोदा पुढे आणि चार माणसे मागे. तुटलेली कड तिनेच दाखविली. माणसे करवंदी तोडीत घळीत उतरली. रघुनाथ जिवंत होता. डोळे उघडे होते, परंतु पाय हलवून पाहा, असे बापाने सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हलवतंय, बाबा." पांडुरंगाने त्या निश्चल पायांकडे पाहिले आणि मान फिरविली. मुलाला शिडीवर घेऊन, घोंगडीने बांधून, त्यांनी माझ्या वरच्या अंगास वाट गाठली. खांद्यावर शिडी घेऊन ते माझ्यापर्यंत आले आणि त्यांना दम लागला. शिडी त्यांनी माझ्या माथ्यावर टेकविली. मोळ्या, पाट्या, गवताचे भारे मी वाहिले आहेत. माणसाचा भार त्या दिवशी प्रथम वाहिला. तो फार नव्हता.

त्याच वेळी खालून गोकुळदास धावत आला. बातमी त्याला मैदानावर समजली होती. शिडी पाहताच तो थबकला, आणि वाट देण्यासाठी दरीच्या बाजूस, नेमका तुटलेल्या कडेवर जाऊन उभा राहिला.

"मी हाक दिली होती, पांडुकाका," तो म्हणाला. "खरंच दिली होती."

शिडीवरून रघुनाथ हळूच म्हणाला, "दिल्यान, बाबा. माका आयकाक इली."

पांडुरंग पुढे झाला. मला वाटले, आता हा त्याला ढकलतो. मी त्या बापाच्या जागी असतो तर काय केले असते, हे मला सांगवत नाही. त्याने गोकुळदासचे मनगट धरले आणि त्याला कडेवरून ओढून माझ्या अंगाशी, डोंगराच्या बाजूस आणून उभे केले.

"थंय उभो रवू नको," तो म्हणाला. "आत ये. हात लाव."

गोकुळदासने शिडीचे एक टोक खांद्यावर घेतले. ते सर्व जण खाली गेले. यशोदा त्यांच्यापुढे मोकळ्या हातांनी चालली होती आणि समोरून कोणी येईल म्हणून आधीच ओरडून वाट मागत होती.

त्यानंतर पाऊस येऊन गेला. कडेचा आणखी तुकडा घळीत गेला आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने एक बाण काढला आहे आणि हाक देऊनच पुढे जावे अशी पाटी लावली आहे. पाटी चांगल्या अक्षरात आहे. नवे स्वार सराव करतात आणि परस्परांना हाका देतात. यशोदा आता या वाटेने येत नाही. तिला गुडघा चालू देत नाही, असे कोणीतरी बोलले. पांडुरंग आला नाही. गोकुळदास आला नाही.

रघुनाथला मोठ्या इस्पितळात नेले, इथपर्यंत मला माहीत आहे. पुढचे कोणी बोलत नाही. त्याच्या पायांत जीव परतला काय? तो अंगणात तरी चालतो काय? माझ्यासमोरून जाणाऱ्यांना तो ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते इकडे फिरकत नाहीत. मी विचारू शकत नाही. विचारू शकलो असतो तर हे सांगण्याची वेळच आली नसती.

म्हणून, वाचकहो, आपल्यापैकी कोणी या घाटीत आलात तर क्षणभर सायकलवरून उतरा. मागचे खोळंबले तर खोळंबू द्यात. माझ्या माथ्यावर हात टेका, आणि आपणास रघुनाथची काही खबर असेल तर ती मोठ्याने बोला. वाईट असली तरी बोला.