विहिणींची पंगत

सूप कोमट होतं. माईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि तो गिळावा की कसं, असा त्यांना क्षणभर प्रश्न पडला. पण समोर विहीणबाई बसल्या होत्या. माईंनी गिळला, हसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे, नाही?"

"फारच छान," विहीणबाई म्हणाल्या. "आणि अगदी हलकं."

हलकं होतं हे मात्र खरं. त्यात पाण्याखेरीज विशेष काही नव्हतंच.

बोट चांगली बारा मजली होती. पोहायचे तलाव, नाचाचे मजले, काचेच्या लिफ्ट, सगळा थाट होता, आणि जेवणाच्या दालनात झुंबरांखाली पांढरीशुभ्र कापडं घातलेली टेबलं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांडलेली. माईंचा मुलगा आणि त्यांची सून, म्हणजे विहीणबाईंची लेक, या दोघांनी मिळून दोघींना आठवड्याची सफर भेट दिली होती. दोघींच्याही घरी आता वाट बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा "जमणार नाही" म्हणायला कारणही सापडलं नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण विहिणींचं नातं पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखं राहिलं होतं. कपाटात जपून, वापरात कधी नाही. माईंनी सारा जन्म कापडाच्या दुकानात काढलेला. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. विहीणबाई दंतवैद्य. मोजकं बोलायच्या, तेही हळू, आणि समोरच्याकडे अशा बघायच्या की माईंना आपोआप तोंड मिटून घ्यावंसं वाटे. सूनबाईंच्या माहेरचं माणूस, त्यातून शिकलेलं. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सहा वर्षांचं जपणं पाण्यात जायचं. म्हणून माईंनी घरून निघतानाच ठरवलं होतं, आठवडाभर जिभेला लगाम.

जेवणालाही त्यांनी तोच नियम लावला. दुसऱ्या दिवशीचा मासा कापसासारखा लागला, तोही छान. त्यावर ओतलेला पिवळा रस्सा छान. शेवटी आलेलं पुडिंग, जे ताटलीतून उचलताना रबरासारखं थरथरत होतं, तेही छानच. विहीणबाई प्रत्येक वेळी मान डोलवत आणि आपलं एखादं विशेषण जोडत. माईंच्या मनात आलं, बाईंना खरंच आवडतंय की काय हे सगळं! दातांची डॉक्टर, पण जिभेचं शिक्षण राहूनच गेलेलं दिसतंय.

त्यांच्या टेबलाचा वेटर उंच, हसरा माणूस होता. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. "मासा कसा आहे?" "उत्तम." "कोंबडी?" "उत्तम, मॅडम." माईंनी मनातल्या मनात त्याचं नाव उत्तमराव ठेवून टाकलं.

तिसऱ्या संध्याकाळी कोंबडी आली. यादीत तिचं नाव दीड ओळींचं होतं, पण माईंनी बघताक्षणीच ओळखलं, वर तोच कालचा पिवळा रस्सा. त्यांनी एक तुकडा कसाबसा खाली उतरवला आणि सवयीने विचारलं, "छान आहे, नाही?"

विहीणबाई चावत होत्या. चावतच राहिल्या. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. शेवटी त्यांनी काटा खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि त्याच हळू, मोजक्या आवाजात म्हणाल्या, "माई, मी आयुष्यभर लोकांचे दात उपटले. पण इतकं चिवट काही माझ्या हाताला लागलं नव्हतं."

माईंनी नेमका पाण्याचा घोट घेतला होता. तो नाकात गेला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"अहो, मग रोज छान छान काय म्हणत होता?" श्वास सापडल्यावर माईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणत होता म्हणून! जावयाने पाठवलंय, त्यात मी खोट काढायची आणि तुमच्या मनाला लागायचं."

"आणि मी तुमच्या लेकीपायी गप्प! आपल्या दोघींच्या भिडेपायी त्या सूपाची चैन झाली." माईंनी ताटलीतला रस्सा काट्याने ढवळला. "हा बघा. परवा भाजीवर, काल माशावर, आज कोंबडीवर. एकच तागा, तीन नावांनी खपवतायत. दुकानात मी हेच केलंय, मला कोण फसवणार?"

आता विहीणबाई हसल्या. त्यांना मोठ्याने हसताना माई पहिल्यांदाच बघत होत्या. चेहराच बदलला त्यांचा.

उत्तमराव धावत आला. "काही हवंय का, मॅडम?"

"हो," विहीणबाई म्हणाल्या. "खरं उत्तर. आज या यादीतलं तुम्ही स्वतः काय खाल?"

त्याने मागे बघितलं. मुख्य वेटर दूर होता. तो किंचित वाकून म्हणाला, "आज? आज मी भाजलेला बटाटा खाईन."

बटाटे आले, आणि ते खरोखर चांगले होते. मग उत्तमरावाचीही जीभ सैल झाली. आचारी हाताचा पक्का आहे, तो म्हणाला, पण करणार काय? शेकड्यांनी ताटं एकदम लावायची, झाकणं घालायची, उबदार कपाटांत ठेवायची आणि घंटा झाली की सगळी एकदम बाहेर. तोवर भाजलेलं मऊ पडतं, मऊ असतं त्याचा चिखल होतो आणि सूप निवतं.

त्या दिवसापासून तिघांचा एक करार झाला. "उत्तम" झटकन म्हटलं तर मागवायचं. "उत्त्त्तम" असं लांबवलं तर त्या पदार्थाच्या वाटेला जायचं नाही.

सफरीला एकदम रंगत आली. सकाळी वरच्या मजल्यावर, जिथे ज्याने त्याने हाताने वाढून घ्यायचं असे, तिथे दोघी जोडीने फेरी मारू लागल्या. उद्यापासून दुष्काळ पडणार असल्यासारखी माणसं ताटल्यांवर डोंगर रचायची. माईंनी शोध लावला की अगदी कोपऱ्यात गरम पाव येतो आणि गर्दीचं तिकडे लक्षच नसतं. विहीणबाईंनी शोध लावला की ऑम्लेटवाल्याशी दोन शब्द गोड बोललं की तो ताजी अंडी फोडतो. दोघी खिडकीशी बसून लोण्यात पाव बुडवत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ताटल्यांवर शेरे मारत. विहीणबाईंचे शेरे माईंपेक्षाही तिखट निघाले.

पाचव्या दिवशी समुद्र खवळला. बोट अशी डुलू लागली की खोलीतला पेला टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला जाऊन परत येई. माईंना काही झालं नाही. त्यांचं पोट लोखंडी. विहीणबाई मात्र पांढऱ्याफटक पडून बिछान्याला खिळल्या. माई भिंतींना धरत उत्तमरावाकडे गेल्या. त्याने हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं हातात ठेवली. "बोटीवरचे आम्ही सगळे हेच खातो," तो म्हणाला. माईंनी फोडी केल्या आणि एकेक विहीणबाईंच्या हातात देत उशाशी बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने विहीणबाई छताकडे बघत म्हणाल्या, "एक सांगू? लेकीला फोन केला की ती सांगते, माईंनी आज हे केलं, माईंनी ते केलं. ऐकून बरं वाटायचं, आणि वाईटही वाटायचं. दवाखान्यापायी मला स्वयंपाकाला वेळच मिळाला नाही. वाटायचं, माझ्या हातचं हिच्या काही लक्षात तरी आहे का?"

माईंनी सुरी खाली ठेवली. "लक्षात? अहो, पहिलं वर्षभर माझे कान किटले होते! 'आई यात मिरी जास्त घालते.' 'आई बटाटे आधी भाजून घेते.' एकदा रागाच्या भरात मी मिरपुडीची अख्खी बाटली पातेल्यात उपडी केली. सगळे शिंकत जेवले, आणि तुमची लेक म्हणते कशी, 'आता जरा आईसारखं लागतंय.'"

विहीणबाई कुशीवर वळल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय, म्हणून माई घाबरल्या, वाकून बघितलं. थोडं रडू होतं, पण बरंचसं हसूच होतं.

"माझी आई मिरी घालायची तशी," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते हिच्यापर्यंत पोचलंय, हे मला ठाऊकच नव्हतं." मग उठून बसल्या. "माई, मला भूक लागलीय."

संध्याकाळी दोघी एकमेकींचा दंड धरून, कठड्याला चिकटत, जेवणाच्या दालनात पोचल्या. जिकडेतिकडे रिकाम्या खुर्च्या. मोजकी माणसं टेबलाच्या कडा धरून बसली होती. उत्तमरावाने त्यांना बघून कपाळाला हात लावला आणि खुर्च्या ओढल्या.

सूप आलं. त्यातून वाफ निघत होती. माईंनी चमचा तोंडाशी नेला आणि थांबल्या. खरपूस तापवलेल्या लोण्याचा, भाजलेल्या कांद्याचा वास येत होता. मग मासा आला, थेट तव्यावरून. काटा लावला तर वरचं कातडं कुरकुर वाजलं आणि आत पाकळ्या सुटल्या. दोघी खात राहिल्या. जेवणच असं होतं की बोलायला सवड देईना.

"छान आहे!" शेवटी माई म्हणाल्या.

उत्तमरावाने भुवया वर केल्या. "मॅडम, हे खरं छान की रोजचं छान?"

"खरं रे बाबा, खरं! अजून आण!"

तो आत गेला आणि येताना आचाऱ्यालाच घेऊन आला. जाडजूड माणूस, दंडावर भाजल्याचे जुने डाग, बोटीबरोबर डुलत खांबाला धरून उभा राहिला. "आज जेवणारे कमी," तो म्हणाला. "एकेक ताट हाताने करता आलं. कसं झालंय?"

माई स्तुती करायला तोंड उघडणार, तोच विहीणबाईंनी काटा माशाकडे रोखला. "अप्रतिम. पण लिंबू किंचित जास्त झालंय."

माईंनी त्यांना कोपराने ढोसलं. आचारी मात्र एवढा खूश झाला की त्याने रिकामी खुर्ची ओढली आणि बसलाच. "बघा! इतकी वर्षं झाली, कुणी काही सांगतच नाही हो. एक तर 'छान' म्हणतात, नाहीतर ताट तसंच परत येतं. मला कळायचं कसं?" मग लिंबावरून त्या दोघांचा जो वाद रंगला तो पुडिंग येईपर्यंत. माईंचा कौल आचाऱ्याच्या बाजूने पडला, आणि विहीणबाईंनी त्यांना "फितूर" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र तळ्यासारखा शांत. दालन गच्च भरलं, घंटा झाली, झाकणं उघडली आणि सूप पुन्हा कोमट आलं. उत्तमरावाने "उत्त्त्त्तम" इतकं लांबवलं की दोघी हसत सुटल्या. पिवळा रस्सा बाजूला सारून बटाटे खाल्ले.

धक्क्यावर मुलगा आणि सून घ्यायला आली होती. दोघी पायऱ्या उतरत होत्या त्या भांडतच. "अगं, लिंबू कमीच होतं!" "तुझी जीभ कापडाची आहे, माई!" सुनेने घाबरून नवऱ्याचा हात धरला. "ऐकलंस का? अगंतुगं! आठवड्यात असं झालं तरी काय या दोघींचं?"

मुलगा पुढे झाला आणि चाचरत म्हणाला, "आई, कशी झाली सफर? जेवण बरं होतं ना?"

"वाईट," विहीणबाईंनीच परस्पर सांगून टाकलं. "एक दिवस सोडला तर फार वाईट. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. मात्र वादळाचे दिवस बघून."

मुलगा सामान उचलेपर्यंत दोघी टॅक्सीत जाऊन बसल्या होत्या, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून माई ओरडत होत्या, "अरे चला लवकर! या टॅक्सीवाल्याला ठाऊक आहे, गरम जेवण कुठे मिळतं ते!"